वाडा बघताना बहिणींचंही विचारा

मंडळी, आपल्या बडोद्यातले पुष्कळ जण हल्ली मुलांकडे इंग्लंडला जातात आणि तिथली खेड्यांतली जुनी, वाड्यांसारखी घरं बघून येतात. मीही बघून आले. जेन ऑस्टिन वाचलेल्याला तिथं सगळं ओळखीचं वाटतं. नाचाचं दालन, पियानो, पत्त्यांचं टेबल आणि बागेच्या कडेचा तो 'हा-हा', म्हणजे खोल चर. गुरं आत येत नाहीत, पण घरातून बघाल तर कुंपण दिसतच नाही.

माझं मत विचाराल तर त्या कादंबऱ्या नाचगाण्याच्या कमी आणि घर कुणाच्या नावावर याच्याच जास्त. 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये (१८१३) घरात पाच मुली, तरी इस्टेट जाणार दूरच्या पुरुष नातेवाइकाला. 'सेन्स अँड सेन्सिबिलिटी'त (१८११) सावत्र भाऊ बहिणींना ३,००० पौंड द्यायचे ठरवतो आणि बायको बोलता बोलता ते शून्यावर आणते. करमणुकीतही पैसा आहेच. डाव मोठ्या पैशांचा असेल या शंकेनं एलिझाबेथ पत्ते सोडून पुस्तक उचलते.

ऑस्टिनच्या घरातही हेच. भाऊ एडवर्ड श्रीमंत, निपुत्रिक नातेवाइकांकडे दत्तक गेला आणि त्याला चॉटनचा वाडा मिळाला. वडील १८०५ मध्ये गेल्यावर आई आणि दोघी बहिणी भाड्याच्या जागांत, दुसऱ्या भावाकडे अशा राहिल्या. १८०९ मध्ये एडवर्डनं वाड्याजवळचं छोटं घर दिलं. तिथं राहत असताना तिच्या चार कादंबऱ्या छापल्या गेल्या, त्याही नाव न घालता. तिचं लिहायचं टेबल बघा, पाटाएवढं आहे!

दत्तक आपल्याला नवं नाही. कवळाण्याचा मुलगा १८७५ मध्ये इथं सयाजीराव झाला, हे आपण अभिमानानं सांगतो. पण आपापल्या वाड्याचं काय? २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला. तरी वाडा बिल्डरकडे जाताना बहिणींपुढं हक्कसोडपत्र येतं आणि वर 'माहेर तुटायला नको' म्हणतात. हाही 'हा-हा'च की! भिंत दिसत नाही, पण ओलांडता येत नाही.

कुणी स्वखुशीनं सोडत असेल तर तिची मर्जी. पण आधी आकडा तिच्यासमोर मांडा, मग सही मागा. भावाच्या मेहेरबानीवर मिळालेलं घर आणि हक्काचं घर यांतला फरक ऑस्टिनला नीट माहीत होता. आपल्या मुलींनाही तो कळू द्या.