सरासरीच्या आड दडलेली मुले

परीक्षेचा निकाल लागला की पालकवर्ग बहुधा एकच प्रश्न विचारतो, "वर्गाची सरासरी किती?" प्रश्न चांगला आहे, पण अपुरा आहे. नुसत्या सरासरीवर समाधान मानू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

एक साधे उदाहरण घेऊ. दोन तुकड्या, प्रत्येकीत ११ विद्यार्थी. पहिलीचे गुण : ५२, ५४, ५६, ५८, ५९, ६०, ६१, ६२, ६४, ६६, ६८. दुसरीचे : २४, ३०, ३५, ४८, ६०, ६५, ७०, ७५, ८०, ८५, ८८. दोन्हींची बेरीज ६६०, म्हणजे सरासरी ६०. कागदावर दोन्ही तुकड्या सारख्याच. पण तशा त्या आहेत का?

गुण चढत्या क्रमाने मांडले की बरोबर मधला तो मध्यक. आम्ही हिंदी माध्यमातून पदवी घेतली, तिथे याला माध्यिका म्हणत. चतुर्थक हा शब्द मात्र दोन्ही भाषांत एकच. ११ जणांत तिसऱ्याचे गुण हे पहिले चतुर्थक आणि नवव्याचे गुण हे तिसरे चतुर्थक. पहिल्या तुकडीत ते ५६ आणि ६४, अंतर ८. दुसरीत ३५ आणि ८०, अंतर ४५! हे अंतर म्हणजे मधल्या निम्म्या मुलांचा पसारा. सर्वात जास्त गुणांतून सर्वात कमी गुण वजा केले की विस्तार मिळतो, पण एखाद्याच मुलाच्या गुणांनी तो फुगतो. चतुर्थकांचे अंतर तसे सहजी फसत नाही.

दुसऱ्या तुकडीत वरची मुले हुशार आहेत, याचा आनंदच आहे. पण त्यांच्या गुणांनी खालच्या तिघांना झाकून टाकले. त्या तिघांना शिक्षकांची खरी गरज आहे.

जे वर्गात, तेच राज्यातही. प्रादेशिक असमतोल पाहण्यासाठी कर्नाटक सरकारने डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समिती नेमली. तिचा अहवाल २००२ साली आला. राज्याची सरासरी १ धरून तेव्हाच्या १७५ तालुक्यांचा विकास निर्देशांक काढला गेला. त्यात ११४ तालुके १ च्या खाली निघाले. म्हणजे रांगेतला मधला तालुकासुद्धा सरासरीच्या खाली! थोड्या पुढारलेल्या तालुक्यांनी सरासरी वर ओढली होती. अत्यंत मागास ठरलेल्या ३९ तालुक्यांपैकी २१ एकट्या गुलबर्गा विभागातले होते, आणि विभागात तालुके होते ३१. समितीने राज्याची सरासरी सांगून अहवाल संपवला असता, तर आपला भाग कोणाला दिसला असता? तालुकावार रांग लावली, म्हणूनच आठ वर्षांत ३१,००० कोटी रुपयांच्या विशेष विकास योजनेची शिफारस करता आली.

कोणी म्हणेल, अशाने खालच्या मुलांवर शिक्का बसेल. ही भीती रास्त आहे. म्हणून चतुर्थक फलकावर लावण्यासाठी नाही, शिक्षकांच्या टाचणवहीत असावे. मुलांची नावे जाहीर करू नयेत, पण त्यांच्यासाठी वेळ मात्र राखून ठेवावा. पुढच्या चाचणीत सरासरी वाढली की नाही हे जरूर पाहावे, पण त्याआधी पहिले चतुर्थक वर सरकले का ते पाहावे.

कडगंचीत २००९ साली स्थापन झालेले कर्नाटक केंद्रीय विद्यापीठ आहे. पण दाराशी विद्यापीठ असले म्हणजे घरातली मुले आपोआप तिथे पोहोचतात असे नाही. ३५ गुणांवर अडखळणाऱ्या मुलाला ते दिल्लीइतकेच दूर. तेव्हा पालकबंधुभगिनींनो, पुढच्या सभेत आम्हाला सरासरी जरूर विचारा, आणि लगेच दुसरा प्रश्नही विचारा : "खालच्या चौथ्या हिश्श्यातली मुले कुठवर आली?" त्याचे उत्तर देणे आम्हा शिक्षकांचे कर्तव्य आहे.