दिल्लीकडे डोळे आणि ग्रामपंचायत वाऱ्यावर

२०२४ च्या जून महिन्यात महाराष्ट्रातल्या वस्त्यावस्त्यांत एकच चर्चा होती. संविधान वाचले! लोकसभेच्या ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि 'चारसौ पार'ची भाषा करणाऱ्यांना बहुमतासाठी मित्रपक्षांच्या दारात जावे लागले. त्या निकालात आंबेडकरी मतदाराचा वाटा केवढा होता हे विरोधकांनीही मान्य केले. पण अवघ्या साडेपाच महिन्यांनी, २३ नोव्हेंबर २०२४ रोजी, त्याच महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तीन पक्षांनी घेतल्या. आघाडीचे तिन्ही पक्ष मिळून ४६ वर थांबले. मतयंत्रे, मतदार याद्या, लाडकी बहीण योजना यांवर पुष्कळ लिहून झाले आहे आणि त्या प्रश्नांची जागा त्यांना दिलीच पाहिजे. पण मतदानाचा टक्का लोकसभेपेक्षा विधानसभेला वाढला, ६१ वरून ६६ वर गेला, हे विसरता येणार नाही. ज्यांना विधानसभा महत्त्वाची वाटत होती ते घराबाहेर पडले. संविधानाची लढाई जूनमध्येच जिंकली अशा समजुतीत आपल्यातले अनेक जण मात्र निर्धास्त राहिले.

निर्धास्त राहण्याची किंमत लवकरच कळली. १० जुलै २०२५ रोजी विशेष जनसुरक्षा विधेयक विधानसभेत मंजूर झाले. चळवळीच्या, संघटनांच्या, आंदोलनाच्या गळ्याशी येणारा हा कायदा आहे, अशी ओरड रस्त्यावर चालू होती. सभागृहात काय झाले? एकाही विरोधी पक्षाकडे २९ आमदार नव्हते, त्यामुळे सभागृहाला विरोधी पक्षनेताच नव्हता. विधेयकाला ठाम विरोध नोंदवला तो डहाणूच्या एका आमदाराने, माकपच्या विनोद निकोले यांनी. २८८ च्या सभागृहात एक! याला काय म्हणायचे?

त्याआधी दोनच महिने, मे २०२५ मध्ये, सामाजिक न्याय विभागाचे सुमारे ४१० कोटी रुपये लाडकी बहीण योजनेकडे वळवले गेले. आपण किंवा विरोधकांनी बोंब मारण्याआधी त्या खात्याच्या मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. लाडक्या बहिणीला पैसे देऊ नका असे कुणीच म्हणत नाही, आपल्या वस्तीतल्या बहिणीही त्यात आहेतच. प्रश्न असा की अनुसूचित जातींसाठी राखून ठेवलेला पैसा दुसरीकडे नेता येतोच कसा? आंध्र प्रदेशाने २०१३ मध्ये कायदा करून हा निधी त्याच कामासाठी बांधून ठेवला. कर्नाटकाने त्याच वर्षी तसा कायदा केला. हे दोन्ही कायदे संसदेने केलेले नाहीत, तिथल्या विधानसभांनी केले. महाराष्ट्रात अशा कायद्याची मागणी वर्षानुवर्षे होते आहे. मोर्चे निघतात, निवेदने दिली जातात, आणि विधानभवनात ती मागणी लावून धरणारी माणसे मोजायला एका हाताची बोटे पुरतात.

वाचकांनी संविधानाची सातवी अनुसूची एकदा नीट पाहावी. पोलीस, जमीन, सार्वजनिक आरोग्य, शेती, स्थानिक स्वराज्य हे सारे विषय राज्याच्या यादीत आहेत. अॅट्रॉसिटीचा कायदा दिल्लीने केला हे खरे. पण फिर्याद नोंदवणारा फौजदार, तपास करणारा उपअधीक्षक, विशेष सरकारी वकील हे सगळे राज्य सरकारचे. त्या कायद्याच्या नियमांप्रमाणे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, बसले पाहिजे. जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीने दर तीन महिन्यांनी बसले पाहिजे आणि जिल्ह्यातले आमदार त्या समितीवर असतात. बैठक झाली की नाही हे आपण आपल्या आमदाराला कधी विचारले आहे का? आता तर १ ऑगस्ट २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने अनुसूचित जातींच्या उपवर्गीकरणाचा अधिकारही राज्यांच्या हाती आला आहे. त्या प्रश्नावर समाजात मते वेगवेगळी आहेत, पण निर्णय मुंबईत होणार आहे, दिल्लीत नाही, एवढे तरी सर्वांनी ध्यानात घ्यावे.

हे काही आज नव्याने सांगावे लागते आहे असे नाही. महाडचा इतिहास आपण दरवर्षी २० मार्चला आठवतो, पण त्यातला एक धागा आपल्या भाषणांतून सुटून जातो. ४ ऑगस्ट १९२३ रोजी सी. के. बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला की सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. कायदेमंडळ म्हणजे आजच्या विधिमंडळाचे पूर्वरूप. त्या ठरावाला धरून महाड नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब जेव्हा तळ्यावर गेले, तेव्हा ते नगरपालिकेने कागदावर दिलेला हक्क प्रत्यक्षात बजावायला गेले होते. आणि पुढे काय झाले? ४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याच नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. बोल्यांच्या ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या तारखेला! मग दिवाणी दावा, मनाई हुकूम, आणि मुंबई उच्च न्यायालयाचा आपल्या बाजूचा निकाल यायला १७ मार्च १९३७ उजाडला. नगरपालिकेच्या सभागृहातली मूठभर माणसे एका बैठकीत जे हिरावून घेऊ शकली, ते परत मिळवायला न्यायालयात दहा वर्षे गेली. सुरबानाना टिपणीस यांच्यासारखा माणूस नगरपालिकेत होता म्हणून पहिला ठराव तरी झाला. बहुमत आपल्या बाजूचे नव्हते म्हणून तो टिकला नाही. नगरपालिका काय करू शकते आणि काय मोडू शकते, हे याहून स्पष्ट कुठे दिसणार?

महात्मा फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. १८८० मध्ये व्हॉइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या स्वागतावर खर्च करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा, तो पैसा शिक्षणावर लावा असे म्हणत एकट्याने विरोध करणारे तेच होते. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये स्वतंत्र मजूर पक्ष काढला आणि १९३७ ला मुंबई विधानसभेत १७ पैकी १४ उमेदवार निवडून आणले. त्याच सप्टेंबरात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि १० जानेवारी १९३८ रोजी कोकणातले हजारो शेतकरी विधिमंडळावर चालून आले. आत विधेयक, बाहेर मोर्चा, अशी ती जोडी होती. आपण मोर्चा ठेवला आणि विधेयक सोडून दिले.

आता एक आक्षेप येतो आणि तो चळवळीतला अभ्यासू माणूसच घेतो. बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे डबके म्हटले, ग्रामपंचायतींना विरोध केला, मग आपण पंचायतीच्या मागे का लागायचे? १९३२ साली ग्रामपंचायत विधेयकावर मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब काय बोलले ते पूर्ण वाचले म्हणजे उत्तर मिळते. अस्पृश्यांना हक्काचे प्रतिनिधित्व नसेल तर पंचायत म्हणजे गावच्या सवर्णांच्या हाती दिलेले न्यायासन, हा त्यांचा मुद्दा होता. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जातींना लोकसंख्येच्या प्रमाणात जागा राखून दिल्या, सरपंचपदे आणि अध्यक्षपदेही. महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा महिलांच्या. १९३२ ची अट कागदावर तरी पुरी झाली. खेडे बदलले का? नाही. राखीव जागेवर आपला सरपंच बसतो आणि कारभार उपसरपंच हाकतो, सही कुठे करायची ते ग्रामसेवक सांगतो, आणि सरपंच ताठ मानेने वागू लागला की अविश्वास ठराव येतो, हे आपण पाहतो. पण याचा उपाय ती जागा वाऱ्यावर सोडणे हा नाही. गावातल्या पाटलाने निवडलेला सह्याजीराव त्या खुर्चीत बसतो, कारण आपल्या वस्तीने आपला शिकलेला मुलगा किंवा मुलगी तिथे उभी केली नाही.

आता थोडे गणित पाहू. २०१९ च्या लोकसभेला वंचित बहुजन आघाडीने महाराष्ट्रात ४१ लाखांच्या आसपास मते घेतली. केवढी मोठी शक्ती! ४८ मतदारसंघांत वाटली तर सरासरी ८५ हजार. लोकसभेच्या मतदारसंघात १९ लाख मतदार असतात, तिथे ८५ हजारांनी कुणी पडतो, निवडून कुणी येत नाही. विधानसभेच्या सहा मतदारसंघांत ही मते पसरली की प्रत्येकी १४ हजार उरतात. त्यानेही बहुधा कुणाला तरी पाडताच येते. पण मुंबईचा वॉर्ड घ्या. १ कोटी ३ लाख मतदार आणि २२७ प्रभाग, म्हणजे प्रभागाला सरासरी ४५ हजार. निम्मे मतदान झाले आणि चार-पाच उमेदवार रिंगणात असले की आठ-नऊ हजार मतांवर नगरसेवक होतो. आपली मते वस्तीत एकवटलेली असतात. लोकसभेला हा आपला दोष ठरतो, वॉर्डात तेच आपले बळ असते. पुणे कराराने आपल्या प्रतिनिधीला इतरांच्या मतांवर अवलंबून ठेवले, ही सल आपल्या मनात आहे. ते अवलंबित्व जिथे सर्वांत कमी आहे त्या निवडणुकीकडे आपण सर्वांत कमी पाहतो, हे कोडेच आहे.

अर्थात प्रस्थापितांनाही हे कळते. म्हणून तर मुंबईबाहेरच्या महापालिकांत चार-चार सदस्यांचे प्रभाग आले. राखीव जागा त्या चौघांतली एक, मते साऱ्या प्रभागाची, आणि उमेदवार मोठ्या पक्षाच्या पॅनलमधला. प्रभाग रचनेचा आराखडा प्रसिद्ध होतो, हरकती मागवल्या जातात, नाल्याच्या एका बाजूची वस्ती या प्रभागात आणि दुसऱ्या बाजूची त्या प्रभागात टाकलेली असते. हरकत घ्यायला मुदत थोडीच असते. त्या दिवसांत आपले कार्यकर्ते कुठल्या तरी नेत्याच्या राज्यसभेच्या चर्चेत गुंतलेले असतात.

अकोल्याचे उदाहरण यासाठीच महत्त्वाचे. १९९९ नंतर ॲड. प्रकाश आंबेडकरांना तिथून लोकसभा जिंकता आलेली नाही, २००४ पासून २०२४ पर्यंत प्रत्येक वेळी पराभव झाला. पण अकोला जिल्हा परिषद प्रदीर्घ काळ आधी भारिप बहुजन महासंघाच्या आणि मग वंचितच्या हाती राहिली. तिथे बौद्धांबरोबर माळी, धनगर, मुसलमान, इतर ओबीसी माणसे गटागटांत उभी केली गेली. याउलट १९९८ पाहा. रिपब्लिकन पक्षाचे चार खासदार एकदम निवडून आले, प्रकाश आंबेडकर, रा. सू. गवई, जोगेंद्र कवाडे आणि रामदास आठवले. चौघेही खुल्या जागांवरून! इतिहास घडला. पण ते यश काँग्रेसशी झालेल्या समझोत्याचे होते. तो समझोता गेला, ऐक्य फुटले, आणि खाली उभे असलेले काही नव्हते म्हणून वरचे टिकले नाही.

या संस्था किती मोलाच्या आहेत हे समजायचे असेल तर त्या नसताना काय झाले ते पाहावे. ओबीसी आरक्षणाच्या वादात निवडणुका रखडल्या आणि मार्च २०२२ पासून मुंबई महापालिकेवर प्रशासक बसला. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प एकाही नगरसेवकाविना मंजूर झाला. सफाईचे कंत्राट, वस्तीतला नळ, पालिकेची शाळा, दवाखाना यांवर प्रश्न विचारणारा निवडून आलेला माणूस जवळपास चार वर्षे नव्हता. त्या काळात यावर मोठे आंदोलन आपल्याकडून उभे राहिले नाही. अखेर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदा-नगरपंचायतींच्या आणि १५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांच्या निवडणुका झाल्या आणि दोन्हींत महायुतीनेच बाजी मारली. त्यांनी वाट पाहण्याच्या काळात बूथ बांधले होते.

राहता राहिल्या ग्रामपंचायती. १५ जानेवारी २०२१ रोजी १४ हजारांहून अधिक ग्रामपंचायतींच्या निवडणुका झाल्या होत्या, त्यांची पाच वर्षे २०२६ मध्ये संपतात. गायरानावरचे अतिक्रमण, स्मशानभूमी, विहाराची जागा, जयंतीच्या मिरवणुकीचा मार्ग, दलित वस्ती सुधार योजनेचा रस्ता नेमका कुठून जाणार, या साऱ्यांची सुरुवात ग्रामपंचायतीच्या ठरावाने होते. ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि जिल्हा परिषदेच्या स्वउत्पन्नातले २० टक्के तसेच खर्च व्हायला हवेत, आणि हा हिशेब ग्रामसभेत मागता येतो. राखीव जागेवर निवडून येऊनही जात वैधता प्रमाणपत्र मुदतीत सादर न झाल्याने आपल्या कितीतरी सदस्यांना घरी बसावे लागले आहे. समितीकडे प्रकरण पडून राहते, म्हणून अर्ज निवडणूक लागल्यावर करून भागत नाही. ज्यांच्या घरात उमेदवार होऊ शकेल असा मुलगा वा मुलगी आहे त्यांनी आजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची नक्कल आत्ताच शोधून ठेवावी, आणि वस्तीतल्या कुणाची नावे यादीतून गळाली आहेत ते तहसील कचेरीत जाऊन बघावे.