गोंदणाऱ्याचा दाम

हॉटेलात जेवण झालं की बडीशेपेच्या ताटलीत वीस रुपये टाकायला आता आमच्या गावची पोरंही शिकली. वाढणाऱ्याला टीप दिली, चांगलंच केलं. पण हीच पोरं जत्रेत हातावर नाव गोंदून घ्यायला बसली की शंभराचे सत्तर करायला अर्धा तास घालवतात. ही कुठली रीत?

माझ्या आईच्या कपाळावर तुळस होती. गोंदणारीण सुगी झाली की गावात यायची. सुया अन् काजळ एवढंच तिचं दुकान. पोरगी रडू नये म्हणून गाणं म्हणत टोचायची. काम झालं की तिला सुपानं ज्वारी, वर मीठ-मिरची, जमलं तर जुनेर. त्याला कुणी टीप म्हणत नव्हतं. मेल्यावर अंगावरचं सोनं काढून घेतात, गोंदण तेवढं संगं येतं, असं बाया म्हणायच्या. सरणापर्यंत पुरणाऱ्या कामाचा भाव पाडायचा अन् दुपारपर्यंत जिरणाऱ्या जेवणाला टीप द्यायची!

काहीजण म्हणतात, ‘त्यानं पैसे घेतलेत ना, मग वर कशाला?’ बरोबर आहे. वरचे पैसे खुशीचे, त्यात जुलूम नाही. पण ठरलेला दाम खुशीचा नसतो, तो कष्टाचा असतो. तीस रुपये तोडून वर दहाची नोट हातावर टेकवणं हे बक्षीस नव्हे, ती मिजास झाली. बाजार समितीत आपल्या कांद्याचा भाव पाडला की आपण किती तळतळतो? मग तेच आपण दुसऱ्याला कसं करतो?

आणि ते तोडलेले तीस रुपये तो कुठून भरून काढणार? एकच सुई चार जणांना वापरून. तसल्या सुईतून ‘ब’ कावीळ अन् एचआयव्ही अंगात शिरू शकतात. म्हणून घासाघीस करायचीच असेल तर सुईसाठी करा. नवी सुई डोळ्यांदेखत फोडायला लावा, शाई नव्या टोपणात ओतायला लावा अन् त्याचे पैसे मोजा.

शहरातल्या दुकानात गोंदलंत तर मालकाचा वाटा त्यातून जातो बऱ्याच ठिकाणी. तेव्हा वरचं द्यायचं ते गोंदणाऱ्याच्याच हातात द्या. ऐपत नसेल तर देऊ नका, त्यात कमीपणा नाही. काम आवडलं असं तोंडानं सांगा, चार माणसं त्याच्याकडे धाडा. पण दाम मात्र पुरा मोजा.