विहीर एकाची, तहान साऱ्या पाड्याची



डेअरीत दूध घातले तर फॅट लावतात. भात विकायला नेला तर ओलावा बघतात. आपण विकतो त्या मालाची तपासणी होते, कारण तो दुसऱ्याच्या पोटात जाणार असतो. आपल्या पोटात जाणारे पाणी मात्र कोणी तपासत नाही.

उधव्यासारख्या गावात पाडे दूरदूर विखुरलेले आहेत. एखाद्याने अनुदानातून नाहीतर उसनवारी करून शेतात विहीर बांधली, की मार्च-एप्रिलपासून हंडे साऱ्या पाड्याचे लागतात. सातबाऱ्यावर विहीर एकाची, तहान सगळ्यांची. सरकारदरबारी ती 'सिंचन विहीर'. रोजगार हमीतून झालेली असो की बिरसा मुंडा कृषी क्रांती योजनेतून, तिची खोली मोजतात, व्यास मोजतात, बांधकामाची नोंद करतात, मगच हप्ता मिळतो. त्या विहिरीचे पाणी माणसाने प्यावे की नाही, हे कोणी मोजत नाही.

सार्वजनिक विहिरीला निदान काही बंदोबस्त आहे. जलसुरक्षक नमुने घेतो, टीसीएल पावडर टाकली जाते, वर्षातून दोनदा पाहणी होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. पण कार्ड ठरते सार्वजनिक स्रोतांवरून. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर हिरवे कार्ड आणि पाड्यावर लाल कार्डाच्या लायकीची विहीर, असे सहज होऊ शकते.

यावर उत्तर ठरलेले असते : आता घरोघर नळ येणार, विहिरीची चिंता कशाला? जलजीवन मिशनची घोषणा 15 ऑगस्ट 2019 रोजी झाली. नळ यावा, ही आपलीही मागणी आहे. पण वीज गेली, पंप जळला, बिल थकले की बाई हंडा घेऊन पुन्हा त्याच विहिरीवर जाते. जुलै 2022 मध्ये मेळघाटात चिखलदरा तालुक्यातील पाचडोंगरी आणि कोयलारी येथे हेच झाले. नळाचे पाणी बंद पडले, लोकांनी उघड्या विहिरीचे पाणी प्याले, कॉलरा पसरला आणि माणसे दगावली. नळ आला म्हणून विहिरीकडे पाठ फिरवता येत नाही, हा त्यातला धडा आहे.

विहीर बिघडते कशाने? पहिले कारण आपल्याच अंगणात आहे. संडासाचा खड्डा, शेणाचा उकिरडा, विहिरीच्या काठावर धुणे आणि गुरे धुणे. आपल्याकडचा काळा खडक भेगाळ आहे. पावसाळ्यात वरची घाण त्या भेगांतून थेट झऱ्याला मिळते. दुसरे कारण खत. युरियातला नत्र झिरपून पाण्यात नायट्रेट होतो. एका लिटरमध्ये 45 मिलिग्रॅमपेक्षा जास्त नायट्रेट पिण्याला चालत नाही, वरचे दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळाला तर तो फारच घातक. आणि हे ध्यानात ठेवा : उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. तुरटीने गाळ खाली बसतो, रोग बसत नाही. पाणी नितळ दिसते म्हणून ते चांगले, हा समज सोडला पाहिजे.

तिसरे कारण कारखाने. आपल्या तालुक्याच्या एका अंगाला गुजरात, दुसऱ्या अंगाला दादरा-नगर हवेली. जवळच वापी, आणि जिल्ह्यातच तारापूर. प्रदूषण मंडळाच्या 2009 च्या यादीत वापी देशात दुसरे होते, 2018 च्या यादीत तारापूर पहिले आले. तारापूरच्या सांडपाण्याबद्दल अखिल भारतीय मांगेला समाज परिषद 2016 साली हरित लवादात गेली आणि जानेवारी 2022 मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाईचा आदेश दिला. त्यासाठी तपासणीचे आकडे लागले. उद्या आपल्या ओहोळात कोणी टँकर रिकामा केला, तर आधीचे पाणी कसे होते याचा कागद आपल्याकडे आहे का? कागद नसेल तर साहेब म्हणणार, तुमचे पाणी आधीपासूनच तसे होते.

तपासणी अवघड नाही. जंतूंच्या तपासणीची बाटली खुणेपर्यंत भरून उबेला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेची घाण आहे असे समजावे. प्रत्येक गावातल्या पाच महिलांना तपासणीचे किट वापरायला शिकवायचे, असे जलजीवन मिशनमध्येच ठरले आहे. कारखान्याचे रसायन मात्र किटने कळत नाही, त्याला प्रयोगशाळाच हवी. सरकारी प्रयोगशाळा अल्प दरात सर्वांना खुल्या करण्याचे धोरण 2021 मध्ये जाहीर झाले. पण पाड्यावरच्या माणसाने मजुरी बुडवून नमुन्याची बाटली घेऊन पालघरला जायचे, ही सोय नव्हे.

तलासरी तालुका अनुसूचित क्षेत्रात आहे. पेसा कायदा 1996 चा, राज्याचे नियम 2014 चे. गावच्या पाण्याबद्दल बोलण्याचा हक्क ग्रामसभेला आहे. तो वापरू या. जिल्हा बैठकीपुढे आमचे म्हणणे असे :

1) ज्या विहिरीचे पाणी माणसे पितात, ती कोणाच्याही नावावर असो, तिची नोंद पिण्याच्या स्रोतात व्हावी.

2) पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तिची तपासणी फुकट व्हावी, नमुने पाड्यावरून नेले जावेत.

3) निकाल ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि विहिरीवर पाटी लावावी.

4) विहिरीच्या अनुदानातच कठडा, झाकण आणि पहिल्या तपासणीचा खर्च धरावा.

5) पाणी खराब निघाले तर मालकावर दोष न ठेवता दुसरी सोय होईपर्यंत पाड्याला पाणी पुरवावे.

पाचवी मागणी सर्वांत महत्त्वाची. 'विहीर खराब' अशी पाटी लागली तर बदनामी होईल, विहीर बंद करतील, या भीतीने मालक नमुना द्यायला कचरतो. ही भीती घालवली पाहिजे. आणि आपणही संडासाचा खड्डा व उकिरडा विहिरीपासून निदान पन्नास फूट दूर, उताराच्या बाजूला नेला पाहिजे. तेवढ्यासाठी मागणी करायची गरज नाही, फावडे आपल्या घरात आहे.