पिनकोडच्या आतली मुले, बाहेरची मुले

अमेरिकन मालिकांचे नाव काढले की आपल्या घरातली वडीलधारी मंडळी नाक मुरडतात. शाळकरी पोरे, दारू, प्रेमप्रकरणे, आईबापाला उलट उत्तरे. यात शिकण्यासारखे काय आहे, असा त्यांचा सवाल असतो. आता तर या मालिका मोबाईलवर आल्या. मूल काय पाहते हे पालकांना कळतही नाही. परंतु नुसते "पाहू नकोस" म्हणून भागत नाही. आमचे म्हणणे असे की पालकांनीही त्या पाहाव्यात. त्यातली दारूची बाटली सर्वांना दिसते. तिच्यामागे अमेरिकेचे एक जुने दुखणे आहे, ते मात्र नजरेतून सुटते. ते दुखणे म्हणजे राहत्या घराचा पत्ता.

'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' ही मालिका ऑक्टोबर १९९० मध्ये सुरू झाली आणि मे २००० पर्यंत चालली. नावातला आकडा हा पिनकोड आहे, लॉस एंजेलिसला लागून असलेल्या गर्भश्रीमंत गावाचा. मिनियापोलिसहून तिथे आलेले वॉल्श कुटुंब, त्यांची ब्रँडन आणि ब्रेंडा ही जुळी भावंडे आणि त्यांचे मित्र, अशी ही गोष्ट. दारूचे व्यसन, अमली पदार्थ, मुलीवर होणारी जबरदस्ती, पिस्तुलाशी खेळताना गेलेला मुलाचा जीव, असे विषय तिने घराघरांत पोचवले. त्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. पण शाळेच्या वर्षांत या मित्रमंडळात एकही कृष्णवर्णीय मूल नव्हते.

याच मंडळात अँड्रिया नावाची मुलगी आहे. अभ्यासात हुशार, शाळेच्या वार्तापत्राची संपादक. तिचे घर या शाळेच्या हद्दीत नाही. म्हणून ती आजीचा पत्ता देऊन शिकते आणि ही गोष्ट उघडी पडेल या धास्तीत वावरते. पाहणाऱ्याला वाटते, एवढ्याशा गोष्टीची कसली धास्ती?

वाचकहो, ही गोष्ट एवढीशी नाही. अमेरिकेत सरकारी शाळेतला प्रवेश बहुधा पत्त्यावरून ठरतो आणि बऱ्याच राज्यांत शाळेचा मोठा खर्च त्या भागातल्या मालमत्ता करातून चालतो. बंगल्यांच्या भागातली शाळा श्रीमंत, चाळवजा वस्तीतली गरीब. आता कोण कुठे राहणार, हे कोणी ठरवले? १९३० च्या दशकात सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे रंगवून घेतले. त्यात कृष्णवर्णीयांच्या वस्त्या लाल रंगात, म्हणजे धोक्याच्या दाखवल्या गेल्या. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त झाले. गोऱ्या कुटुंबांनी स्वस्त कर्जावर उपनगरात घरे घेतली, त्यांच्या किमती वाढल्या, ती मुलाबाळांना मिळाली.

पुढे कायदे झाले. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी शाळांतली वर्णावरून केलेली विभागणी घटनाबाह्य ठरवली. १९६८ च्या कायद्याने घर विकताना वा भाड्याने देताना वर्ण पाहण्यास बंदी केली. मात्र १९७४ साली डेट्रॉईटच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की शहरातली विभागणी मोडण्यासाठी उपनगरांच्या शाळांना, त्यांचा दोष सिद्ध झाल्याशिवाय, त्यात ओढता येणार नाही. न्याय शाळेच्या दारापर्यंत आला आणि हद्दीच्या रेषेवर अडला.

ती रेषा आजही किती धारदार आहे पाहा. २०११ साली ओहायो राज्यातल्या ॲक्रन शहरात एका कृष्णवर्णीय आईला तुरुंगात जावे लागले. गुन्हा काय, तर आपल्या वडिलांचा पत्ता देऊन तिने मुलींना शेजारच्या चांगल्या शाळेत घातले होते. नऊ दिवस ती गजाआड होती. पुढे राज्यपालांनी तिच्यावरचा ठपका सौम्य केला. मालिकेतल्या अँड्रियाची धास्ती या माऊलीने खरोखर भोगली.

'९०२१०' च्या महिनाभर आधी 'द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल एअर' ही विनोदी मालिका सुरू झाली होती. फिलाडेल्फियाच्या साध्या वस्तीतला विल श्रीमंत मावशी आणि तिच्या नवऱ्याच्या जगात येतो. पहिल्याच वर्षाच्या एका भागात विल आणि त्याचा भाऊ कार्लटन महागडी गाडी चालवत असतात. पोलीस त्यांना चोर समजून कोठडीत टाकतात. कार्लटन बंगल्यात वाढलेला. पोलिसांनी आपले काम केले, असे तो म्हणतो. त्याचे वडील मोठे वकील आहेत, पण असा प्रसंग त्यांच्यावरही आलेला आहे, हे त्यांच्या बोलण्यातून कळते. उत्तम पत्ता मिळाला, तरी कातडीचा रंग पत्त्याआधी दिसतो. हा भाग ऑक्टोबर १९९० चा. मार्च १९९१ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी रॉडनी किंगला बेदम मारले आणि ते चित्रफितीवर साऱ्या जगाने पाहिले.

'फ्रायडे नाईट लाईट्स' (२००६ ते २०११) या मालिकेने तर हद्दीचाच प्रश्न घेतला. टेक्सासमधल्या डिलन या काल्पनिक गावाचे शाळेसाठी दोन भाग पाडले जातात. पश्चिमेकडे पैसा, पूर्वेकडे पडके मैदान. फुटबॉलमध्ये तरबेज असलेला ल्यूक खोट्या पत्त्यावर पश्चिमेच्या शाळेत खेळत असतो. ते उघड झाल्यावर त्याला पूर्वेला जावे लागते. हा ल्यूक गोरा आहे, गुरे पाळणाऱ्याचा मुलगा आहे. हद्दीची रेषा गरीब गोऱ्यालाही सोडत नाही.

आमची तक्रार एकच आहे. बहुतेक मालिकांत यावरचा तोडगा ठरलेला असतो. एका गुणी पोराला एखादे उदार श्रीमंत घर उचलून नेते. 'द ओ.सी.' मधला रायन असाच जातो. पोर तरते, प्रेक्षकांचे डोळे पाणावतात आणि मागे राहिलेली शाळा तशीच गळकी राहते. २०१८ साली सुरू झालेली 'ऑल अमेरिकन' त्यातल्या त्यात वेगळी. दक्षिण लॉस एंजेलिसमधला स्पेन्सर फुटबॉलच्या बळावर थेट बेव्हर्ली हिल्सच्या शाळेत जातो, पण पुढे आपल्या जुन्या शाळेत परत येतो, कारण ती शाळा वाचवायची असते. एकट्याने निसटण्यापेक्षा हे अवघड आहे आणि मोलाचेही.

पत्ता आणि आडनाव विचारून माणूस जोखण्याची रीत आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. म्हणूनच अशी मालिका मुलांसोबत बसून पाहाल, तेव्हा त्यांना तीन प्रश्न जरूर विचारा. या वर्गात कोण बसले आहे? कोण बसलेले नाही? आणि जो बाहेर आहे, त्याला दारापाशी कोणी अडवले? उत्तर मुलांनाच शोधू द्या. घाई करू नका.