रक्त घेणाऱ्या हाताचे मोल

राजपुरीच्या खाडीच्या उत्तर तीरावर आगरदांडा आणि दक्षिण तीरावर दिघी. एके काळी हा जंजिऱ्याच्या संस्थानाचा मुलूख होता. १९४८ मध्ये ते संस्थान विलीन झाले. आज खाडीच्या दोन्ही तीरांवर दिघी बंदराचा पसारा आहे. दिवाळखोरीत निघालेले हे बंदर अदानी उद्योगसमूहाने २०२१ मध्ये ७०५ कोटी रुपयांना घेतले. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने दिघीच्या औद्योगिक क्षेत्रास मान्यता दिली. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या तरुणांना कोणते कौशल्य शिकवावे, ही चर्चा साहजिकच क्रेन, गोदामे आणि अवजड वाहने यांच्याभोवती फिरते. या चर्चेत एक कौशल्य फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. ते म्हणजे तपासणीसाठी माणसाच्या शिरेतून रक्त काढण्याचे.

हे काम अगदी किरकोळ आहे, असा सर्वसाधारण समज आहे. दंडाला पट्टा बांधायचा, सुई टोचायची, नळी भरायची आणि चिठ्ठी चिकटवायची. यात शिकण्यासारखे ते काय? वस्तुतः शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कोपराच्या आतल्या खोलगट भागातील शीर डोळ्यांपेक्षा बोटाने ओळखावी लागते, कारण तिच्या शेजारून धमनी आणि मज्जातंतू जातात. पट्टा एका मिनिटापेक्षा अधिक काळ आवळून ठेवला तर रक्त त्या जागी दाटते आणि काही मोजमापे फुगतात. नळी जोराने हलवली तर तांबड्या पेशी फुटतात, त्यांतले पोटॅशियम बाहेर पडते आणि धडधाकट माणूस कागदावर गंभीर आजारी ठरतो. नळ्यांच्या टोपणांचे रंग शोभेसाठी नसतात. निळ्या टोपणाच्या नळीत नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट हे प्रमाण नेमके राहावे लागते. ती अर्धी भरून चालत नाही. जांभळ्या टोपणाच्या नळीतील ईडीटीए हा बहुधा पोटॅशियमचा क्षार असतो. त्याचा अंश दुसऱ्या नळीत गेला, तर पोटॅशियम खोटेच वाढते आणि कॅल्शियम खोटेच घटते. म्हणून कोणती नळी आधी आणि कोणती नंतर, याचा क्रम ठरलेला आहे. चिठ्ठीही रुग्णासमोर, त्याचे नाव त्यालाच विचारून, तेथल्या तेथे लावावी लागते. एका वाडीत एकाच नावाची तीन माणसे असणे कोकणात मुळीच नवलाचे नाही.

या बारकाव्यांचे महत्त्व किती, हे इटलीतील पादुआ येथील रुग्णालयाच्या एका अभ्यासाने दाखवून दिले आहे. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात तातडीच्या प्रयोगशाळेतील सर्व चुकांपैकी सुमारे ६८ टक्के चुका नमुना यंत्रापर्यंत पोहोचण्यापूर्वीच्या टप्प्यात घडल्याचे आढळले. लक्षावधी रुपयांचे यंत्र बरोबर मोजते. पण त्याच्यासमोर ठेवलेले रक्तच बिघडलेले किंवा दुसऱ्याचे असेल, तर ते यंत्र चूक तेवढ्याच अचूकपणे मोजते.

आगरदांड्यासारख्या ठिकाणी या अडचणीत अंतराची भर पडते. मुरूडपासून अलिबाग सुमारे ५० किलोमीटर. पलीकडच्या तीरावरून यायचे तर आधी फेरीबोट. २०१७ पासून महाराष्ट्रात सरकारी आरोग्य केंद्रांतून रक्ताचे नमुने गोळा करून ते दूरच्या प्रयोगशाळेत नेण्याची ‘महालॅब’ ही व्यवस्था एचएलएल लाइफकेअर या केंद्र सरकारच्या कंपनीमार्फत उभी राहिली. कल्पना योग्यच होती. गावोगावी प्रयोगशाळा काढणे शक्य नसेल, तर माणसाऐवजी त्याच्या रक्ताने प्रवास करावा, हे शहाणपणाचे आहे. परंतु या रचनेत सारा भार गावातल्या त्या पहिल्या हातावर येतो. नळीत भरलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि त्या साखर खात राहतात. रक्त तसेच ठेवले, तर दर तासाला साखरेचे प्रमाण सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी उतरते. करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड घातलेले असते ते यासाठीच. चुकीच्या नळीत घेतलेले रक्त दुपारी उशिरा प्रयोगशाळेत पोहोचले, तर मधुमेही माणूस निरोगी ठरण्याचा धोका उरतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळ या किनाऱ्यावर आले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस विजेवाचून राहिली. अशा वेळी शीतपेटीतल्या नमुन्यांचे काय करायचे, कोणते टाकून द्यायचे आणि कोणते पुन्हा घ्यायचे, हा निर्णय अलिबागचा तज्ज्ञ घेऊ शकत नाही. तो जागेवरच्या जाणत्या माणसालाच घ्यावा लागतो.

असे असताना या कामाची किंमत इतकी कमी का? त्याचे अर्थशास्त्रीय उत्तर जुने आहे. चार्ल्स बॅबेजने १८३२ मध्ये दाखवून दिले होते की, काम तुकड्यातुकड्यांनी विभागले म्हणजे मालकाला प्रत्येक तुकड्यासाठी नेमके तेवढेच कौशल्य विकत घेता येते आणि स्वस्त तुकड्याला महाग कारागीर लावावा लागत नाही. पूर्वी रक्त काढण्याचे काम डॉक्टर, परिचारिका किंवा प्रयोगशाळेतला तंत्रज्ञच करी. तपासण्यांचा व्याप वाढला तसा हा तुकडा वेगळा निघाला आणि त्याला फ्लेबोटोमिस्ट असे भारदस्त नाव मिळाले. श्रमविभागणी ही मुळात वाईट नव्हे. परंतु काम वेगळे काढताना जबाबदारी तेवढी खाली ढकलायची आणि वेतन, सुरक्षितता व बढतीची वाट मात्र वरच ठेवायची, ही श्रमविभागणी नसून श्रमाचे अवमूल्यन आहे.

याला आपल्या समाजातली एक जुनी खोडही कारण आहे. रक्त, मळ आणि वार यांना हात लावणाऱ्या माणसाला येथे कधी प्रतिष्ठा मिळाली नाही. नाळ कापणारी सुईण आणि तुंबडी लावणारी वैदू बाई यांच्या हातांवर लोक जीव सोपवीत, पण त्यांना आपल्या पंक्तीला बसवीत नसत. आजच्या व्यवस्थेत हीच उतरंड निराळ्या वेषात वावरते. डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासणीच्या अहवालावर पदव्युत्तर पात्रतेच्या नोंदणीकृत डॉक्टरचीच सही हवी, या भूमिकेवर शिक्कामोर्तब केले. रुग्णाच्या दृष्टीने ते योग्यच होते. पण शेवटच्या सहीविषयी जेवढी दक्षता दाखवली जाते, तेवढी पहिल्या सुईविषयी दाखवली जात नाही.

या सुईचा धोका केवळ रुग्णाला असतो असेही नाही. वापरलेली सुई स्वतःच्या बोटात शिरली आणि रुग्णाला संसर्ग असला, तर लस न घेतलेल्या कर्मचाऱ्याला हिपॅटायटिस-ब होण्याची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत असू शकते. एचआयव्हीची शक्यता सुमारे ०.३ टक्के असते. हिपॅटायटिस-ब वर लस आहे. एचआयव्हीसाठी ७२ तासांच्या आत सुरू करायची औषधे आहेत. प्रश्न एवढाच की, दर नमुन्यामागे ठराविक पैसे घेऊन मोटारसायकलवरून घरोघर फिरणाऱ्या मुलाची लस कोणाच्या हिशेबात धरायची?

समजा, आगरदांड्यातील बारावी झालेल्या एखाद्या मुलीने हे काम शिकायचे ठरवले. वडील मासेमारीच्या होडीवर, आई बाजारात. खाजगी वर्गाची फी उसनवारीने भरायची, काही महिने तक्त्यावरच्या शिरा पाठ करायच्या, रबरी हातावर सराव करायचा आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडायचे. जिवंत माणसाच्या दंडावर, अनुभवी व्यक्तीच्या नजरेखाली, ती किती वेळा सुई चालवते यावर तिचे सारे शिक्षण अवलंबून; आणि नेमकी तीच गोष्ट सर्वांत महाग असल्यामुळे तीच आखडती घेतली जाते. पुढे नोकरीसाठी मुंबई. तेथे खोलीचे भाडे, पहाटेची लोकल, उपाशीपोटी थांबलेल्या रुग्णांच्या दाराच्या घंटा, आणि महिनाअखेरीस नमुन्यांच्या संख्येवर बांधलेला मोबदला. म्हणजे ज्या किनाऱ्यावर तिची गरज होती तेथून ती उठली, आणि जेथे गेली तेथे अनेकांत एक ठरली. कोकणाने पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला चाकरमानी पुरवले. आता प्रमाणपत्रधारक चाकरमानी पुरवायचे, यात नवे ते काय?

सरकारने काही केलेच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात उच्च माध्यमिक स्तरावर किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम आले; त्यांत वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञाचाही अभ्यासक्रम होता. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. २०२४ मध्ये राज्याने मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली आणि बारावी झालेल्यांना दरमहा ६ हजार, पदविकाधारकांना ८ हजार व पदवीधरांना १० हजार रुपये विद्यावेतन ठरवले. मुदत सहा महिन्यांची होती, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढवली गेली. मुदत संपल्यावर त्या तरुणांनी रस्त्यावर येऊन विचारले की, शिकलो, पण आता करायचे काय? या एका प्रश्नात आजच्या कौशल्यधोरणाचे सारे वैगुण्य सामावलेले आहे. प्रशिक्षण आणि पद यांची फारकत झाली आहे. एका खात्याने शिकवायचे, दुसऱ्या खात्याने पदे रिक्त ठेवायची किंवा कंत्राटाने भरायची, आणि तिसऱ्याने बेरोजगारीबद्दल खंत व्यक्त करायची. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील कंत्राटी कर्मचाऱ्यांना २०२३ आणि २०२५ मध्ये सेवेत सामावून घेण्याच्या मागणीसाठी संप करावे लागले. वर्षानुवर्षे काम करणाऱ्यांची ही गत पाहणाऱ्या मुलीने या क्षेत्रात कोणत्या भरवशावर यावे?

वेगळी वाट नाही असे नाही. याच रायगडच्या किनाऱ्यावर, उत्तरेस मांडवा येथे, १९७० च्या दशकात डॉ. नोशीर अंतिया यांनी अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना आरोग्याचे काम शिकवून दाखवले होते. तो प्रयोग टिकला नाही, पण गावातली बाई हे काम करू शकते की नाही, हा वाद त्याने निकाली काढला. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी तेच केले. गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या संस्थेने प्रशिक्षित केलेल्या गावातल्या स्त्रियांनी आजारी नवजात अर्भकांना प्रतिजैविकाची इंजेक्शने दिली. तेथील अर्भकमृत्यू ठळकपणे घटल्याचा वृत्तान्त १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. या तिन्ही ठिकाणी समान सूत्र आढळते. शिक्षण थोडे थोडे पण अखंड होते, देखरेख जवळची होती, आणि शिकणारी व्यक्ती ज्या लोकांसाठी शिकत होती त्यांच्यातलीच होती. रक्त काढले की अंगातली ताकद जाते, ही भीती कातकरी वाडीवर किंवा कोळीवाड्यात आजही भेटते. अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते आणि तपासणीला त्यातले पाच-दहा मिलिलिटरच लागते, हे परक्या माणसाने सांगून पटत नाही. ओळखीच्या मुलीने सांगितले तर पटते.

तेव्हा करावयाचे काय, हे स्पष्ट आहे. अलिबागला जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२१ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही आहे. रक्त काढण्याचे प्रशिक्षण तेथे, विनाशुल्क आणि विद्यावेतनासह द्यावे. शिकाऊ उमेदवारीचा कायदा १९६१ पासून अस्तित्वात आहे, त्याचा आधार घेता येईल. प्रमाणपत्र वर्गातल्या हजेरीवर न देता, देखरेखीखाली घेतलेल्या नमुन्यांच्या नोंदवहीवर द्यावे. लस आणि अपघाताचे संरक्षण पहिल्या सुईच्या आधी मिळावे. किनाऱ्यावरच्या आरोग्य केंद्रांत या कामाचे पद मंजूर करावे आणि त्याला मासिक वेतन द्यावे. नळीगणिक मोबदला देऊ नये, कारण नळ्या मोजून पैसे मिळू लागले की घाई वाढते, आणि या कामात घाई म्हणजेच चूक. शिवाय पुढची वाट उघडी असावी. २०२१ च्या सहयोगी आरोग्य व्यावसायिक कायद्याने पात्रतेसाठी किमान २ हजार तासांचे शिक्षण ठरवले आहे. केलेल्या कामाचे तास त्या हिशेबात धरले गेले, तर आज नमुना घेणारी मुलगी उद्या तंत्रज्ञ होऊ शकेल. ही शिडी नसेल, तर ‘कौशल्य’ हा शब्द गरिबांच्या मुलांना पहिल्याच पायरीवर थोपवून धरण्याचे साधन ठरेल.

यावर एक आक्षेप संभवतो: एवढा पैसा आणायचा कोठून? हा प्रश्न रास्त आहे, पण तो अर्धा आहे. बिघडलेल्या नमुन्याचाही खर्च असतोच. तो फक्त सरकारच्या ताळेबंदात दिसत नाही. पुन्हा रक्त द्यायला बोलावलेल्या मजुराचा रोज बुडतो, फेरीचे आणि एसटीचे तिकीट पुन्हा काढावे लागते, चुकीच्या अहवालावर घेतलेले औषध वाया जाते, आणि न कळलेला आजार वाढल्यावर मुंबईच्या रुग्णालयापुढे घरातले दागिने मोडावे लागतात. हा खर्च आजही होतोच आहे. तो ज्यांची ऐपत सर्वांत कमी, त्यांच्या खिशातून होतो. तेव्हा प्रश्न पैसा आहे की नाही असा नसून, तो कोणी द्यायचा असा आहे.

बंदरात उद्या मोठी जहाजे लागतील आणि त्यांचा माल काटेकोर मोजून घेण्यासाठी प्रशिक्षित माणसे नेमली जातील. खाडीकाठच्या माणसाच्या रक्ताची मोजणीही तेवढ्याच काटेकोरपणे व्हावी, आणि ती करणारी मुलगी सन्मानाने आपल्याच गावात राहावी, एवढी अपेक्षा फार मोठी नाही.