कोंबडीचा उन्हाळा

भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या जवळ जातो. माणूस घाम गाळतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथीच नसतात. ती चोच उघडून धापा टाकते, पंख पसरते, दाणा कमी खाते. अंडी घटतात, कवच पातळ होते, काही कोंबड्या दगावतात. अंड्यांच्या पैशांवर मीठमिरची आणणाऱ्या घराला हे नुकसान फार मोठे असते.

अतिउष्णतेमुळे पेशींत ऑक्सिजनपासून काही उपद्रवी कण वाढतात. ते पेशींच्या आवरणाची नासधूस करतात. त्यांना आवर घालणाऱ्या पदार्थांना अँटीऑक्सिडंट म्हणतात. क जीवनसत्त्व त्यांपैकीच एक. कोंबडी ते स्वतःच्या मूत्रपिंडात तयार करते. (माणसाला हे जमत नाही!) पण कडक उन्हात ते तिला पुरत नाही.

आवळ्यात हे जीवनसत्त्व भरपूर असते. हळदीतील पिवळ्या द्रव्यातही असाच गुण आहे. म्हणून दुकानातील महाग पुडी आणण्याआधी खाद्यात थोडी आवळ्याची पूड मिसळून पाहावी, असे मला वाटते. प्रमाण मात्र पशुवैद्यालाच विचारावे. प्रयोगशाळेतील बशीत पेशी वाचल्या, म्हणजे अंगणातील कोंबडी वाचलीच असे नाही. नागपूरला २००० सालापासून पशुविज्ञानाचे विद्यापीठ आहे. भंडाऱ्याच्या खेड्यांतील परसांतही असे प्रयोग व्हायला हवेत.

आणि सावली व थंड पाणीच नसेल, तर बिचारा आवळा काय करणार? खुराड्याच्या छपरावर धानाचे तणस पसरून दुपारी पाणी शिंपडावे. भंडाऱ्यात तणसाला तोटा नाही.